पांढऱ्या गाभ्याचं पाणी

फड्या निवडुंग कापायला शिकवताना मी मुलांच्या हातात आधी ब्लेड देत नाही. आधी वाळलेला फडा देते. माळावर दोन उन्हाळे पडून राहिलेल्या फड्याचं मांस उडून गेलेलं असतं आणि मागे उरते ती लाकडी जाळी, वाळलेल्या घोसाळ्यासारखी. मूल ती डोळ्यांसमोर धरतं, भोकांतून माझ्याकडे बघतं आणि हसतं. मग मी विचारते, "या भोकांत काय होतं?"

बहुतेक मुलं पाणी म्हणतात. ओवी पुकळे नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा आली, तेव्हा तिनं जाळी फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "भोकं नंतर झाली असतील, बाई. आधी मधलं होतं, त्याच्याभोवती जाळी झाली."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत असं उत्तर मला फक्त एकदा मिळालं होतं. ते प्रणोती खरातनं दिलं होतं.

मी शालन गोरड. माण तालुक्यातल्या कातरखडीच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. निवृत्त झाल्यावर जुन्या चारा छावणीची पत्र्याची खोली झाडून घेतली आणि दर रविवारी तिथं मुलांना जमवू लागले. आठवडाभर ही मुलं डोळ्यांना चष्मा लावून धडे बघतात. त्या चष्म्यात हृदय धडधडतं, ज्वालामुखी फुटतो, सगळं होतं. माझ्याकडे एक सूक्ष्मदर्शी, लाल रंगाची बाटली आणि पाण्यानं भरलेल्या बशा. ब्लेड ओलं करायचं, फड्याच्या चकतीवरून एकाच दिशेनं ओढायचं आणि इतका पातळ काप काढायचा की तो बशीत तरंगताना नीट दिसूसुद्धा नये.

त्या खोलीत एकच नियम होता. प्रत्येकाच्या वहीत तारखेचे दोन रकाने असत, एक 'पाहिलं' आणि दुसरा 'सांगितलं'. मुंगीनं वाट बदलली, फड्याला कीड लागली, काहीही दिसलं तरी दोन्ही रकान्यांत एकच तारीख यायला हवी. पाहिलेलं खिशात ठेवायचं नाही. शेवटी मी सही करायची. मुलं आपापल्या घरचीही गुपितं लिहून आणत, ती मी सही न करता परत देत असे.

ओवीचा पहिला चांगला काप मला आठवतो. आपण ज्याला निवडुंगाचं पान म्हणतो ते खोड असतं. खरी पानं कोवळ्या फड्यावर तांदळाच्या दाण्याएवढी येतात आणि गळून जातात. त्यामुळे तो काप खोडाचा होता. सगळ्यात बाहेर मेणाचा पातळ थर. त्याच्या आत जाड सालीच्या पेशी, त्यांत चांदणीच्या आकाराचे बारीक खडे. मग हिरवा थर, झाडाचं स्वयंपाकघर. त्याच्या आत शिरांची जाळी आणि मधोमध पांढरा गाभा, झाडाचा रांजण.

"रांजण रिकामा झाला की फुटतो का?" तिनं विचारलं होतं.

"नाही. पांढऱ्या पेशींच्या भिंती पातळ असतात. पाणी गेलं की त्या दिवाळीतल्या कागदी कंदिलासारख्या घडी होऊन बसतात. पाणी आलं की पुन्हा उघडतात."

"आणि हिरव्या?"

"हिरव्यांना घडी घालता येत नाही. त्या सुकल्या की मेल्या."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून माझ्याकडचं सगळ्यात धारदार ब्लेड, तेलकट कागदात गुंडाळलेलं, फक्त ओवीसाठी बाहेर निघायचं. इतर मुलांना हे कळत होतं. मला वाटायचं, कळत नाही.

ओवी बारा वर्षांची झाली त्या मार्चमध्ये प्रणोती गावात आली. आता ती डॉक्टर प्रणोती खरात होती, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत, अडतीस वर्षांची. गावच्या चाळीस एकर माळावर काटे नसलेला निवडुंग दहा वर्षांपूर्वीच लावला होता, जनावरांना चारा म्हणून. प्रणोतीनं त्याच्यावर पिण्याचं पाणी उभं करायचं ठरवलं.

तिची कल्पना चांगली होती, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. पांढरा गाभा हिरव्या थराला पाणी देतो तो हिरव्यातला रस दाट असतो म्हणून. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच हे ओढणं. प्रणोतीनं केसाएवढी सुई केली, तिच्या टोकाला तसाच दाट रस भरला आणि वर इतकी बारीक चाळणी बसवली की फड्यातला भेंडीसारखा बुळबुळीत चीक आतच राहावा आणि नुसतं पाणी बाहेर यावं. झाडाला वाटतं आपलाच हिरवा थर पाणी मागतोय. प्रत्येक झाडाच्या खालच्या जुन्या फड्यांत सुया आणि रांगेतून जाणारी बारीक नळी. झाडाची पाळी चार दिवसांनी एकदा यायची आणि ते साधारण पेलाभर पाणी द्यायचं. अशी चाळीस हजार झाडं. गावात त्याला उलटं ठिबक म्हणू लागले.

मंदिरासमोरच्या बैठकीत प्रणोतीनं सगळ्यांदेखत माझ्या पाया पडून सांगितलं की मला कापायला बाईंनी शिकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं एका कुंडीतल्या फड्याला दोन पट्ट्या चिकटवल्या आणि शेजारच्या पडद्यावर त्या फड्याचं आतलं उमटलं. हिरवा थर, जाळी, गाभा, आणि त्यातून सरकणारं पाणी निळ्या रंगात. जिवंत. मी सगळ्या आयुष्यात फड्याच्या आतलं वाहतं पाणी पाहिलं नव्हतं. माझ्या बशीत नेहमी मेलेला काप असायचा.

"आता कापायची गरज नाही," प्रणोती म्हणाली.

ओवी माझ्या शेजारी बसली होती. ती उठून पडद्याजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली आणि वळून मला म्हणाली, "बाई, न मारता दिसतं."

तिला आनंद वाटून घ्यायचा होता. मी मान हलवली.

नळ्या कोणत्या वेळी उघडायच्या, हे त्याच बैठकीत ठरलं. प्रणोती म्हणाली, प्रयोगशाळेत वेळेचा फरक पडला नव्हता, तुमच्या सोयीनं ठरवा. मग कुणीतरी धार हा शब्द वापरला आणि प्रश्न मिटला. आमच्या गावात धार पहाटे काढतात. डेअरीची गाडी सहाला येते, तोवर बायामाणसं उठलेली असतात, हात मोकळे असतात. निवडुंगाचीही धार पहाटे. पडद्यावर पहाटेचा फडा टम्म दिसत होता, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. सुई आपली जागा आपणच शोधायची. जिथं पाणी जास्त तिथं जाऊन थांबायची.

प्रत्येक रांग एकेका घराला दिली. नववी रांग पुकळ्यांना, म्हणजे खरं तर ओवीला. वाल उघडायचा, सुया पुसायच्या, पडद्यावरचे आकडे प्रणोतीला कळवायचे. नववी रांग माझ्या पत्र्याच्या खोलीच्या खिडकीसमोरच येते.

दोन एप्रिलला पहिलं पाणी आलं. गावानं पेले भरून घेतले. ओवीनं माझा पेला स्वतः आणला, दोन्ही हातांनी धरून. मी घोट घेतला.

पाणी आंबूस होतं. अगदी किंचित, जिभेच्या कडेला कळेल इतकं. शेजारी ओवीचे आजोबा सोपानतात्या उभे होते. ते म्हणाले नळीचा वास असल, नवं हाय. प्रणोतीनंही तेच सांगितलं, नळ्या दोनदा धुवा.

मला मात्र त्याच क्षणी कळलं होतं.

निवडुंग दिवसा तोंड मिटून बसतो, नाहीतर आमच्या उन्हात त्याचं पाणी उडून जाईल. तो रात्री श्वासाची छिद्रं उघडतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि हिरव्या थरात त्याचं आम्ल करून साठवतो. दिवस उजाडला की छिद्रं मिटून त्याच आम्लातून साखर करतो. म्हणून फडा पहाटे आंबट असतो आणि संध्याकाळी नसतो. आता कैरीची फोड आठवा. हिरवा थर जितका आंबट, तितका तो गाभ्यातून पाणी जोरात ओढतो. पहाटे गाभ्यातलं पाणी हिरव्या थरात चढलेलं असतं. दिवसभरात आंबटपणा उतरतो आणि पाणी गाभ्यात परत जातं. प्रयोगशाळेतल्या रोज पाणी प्यायलेल्या झाडांत हा फरक दिसायचा नाही. आमच्या माळावरच्या तहानलेल्या झाडांत दिसणार होता. पहाटे जास्त पाणी शोधणारी सुई गाभ्यापर्यंत पोचणारच नव्हती. ती हिरव्या थरात थांबणार होती, घडी न घालता येणाऱ्या पेशींत. चीक अडवणाऱ्या चाळणीतूनही तिथलं आम्ल थोडं निसटत होतं.

घरी जाऊन मी खात्री केली. त्या संध्याकाळी एक काप काढला, दुसऱ्या पहाटे त्याच फड्याचा दुसरा. पहाटेच्या कापात गाभ्याच्या पेशी चेपलेल्या होत्या, संध्याकाळच्या कापात भरलेल्या. माझ्या वहीत मी लिहिलं: उलट्या ठिबकाचं पाणी आंबूस, सुई हिरव्या थरात आहे. पाहिलं, दोन एप्रिल. सांगितलं. पुढे पेन टेकवलं आणि उचललं.

मी स्वतःला सांगितलं की प्रणोती मोठी शास्त्रज्ञ आहे, आज ना उद्या तिला कळेलच.

पुढच्या रविवारी ओवी उशिरा आली आणि लवकर गेली. त्याच्या पुढच्या रविवारी आलीच नाही. खिडकीतून दिसत होतं, ती आणि प्रणोती नवव्या रांगेच्या टोकाला पडद्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या, डोक्याला डोकं लावून. ओवीनं केस प्रणोतीसारखे मानेवर गुंडाळून पेन खोचलं होतं. मी त्या दिवशी इतर मुलांना काप काढायला लावले आणि एकाचाही काप मला पसंत पडला नाही. एका पोरीला मी इतकी बोलले की ती रडली.

त्या दोन रविवारांच्या मध्ये एकदा ओवी धावत आली होती. प्रणोतीताईंना हातानं काढलेला काप बघायचा होता, पडद्याशी ताडून, तर ते चांगलं ब्लेड मिळेल का.

"ते गंजलंय," मी म्हणाले.

ब्लेड टेबलाच्या खणात, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं.

"मग प्रणोतीताई म्हणाल्या होत्या की नसेल तर राहू दे," ती म्हणाली आणि गेली. प्रणोतीताई. त्या आठवड्यात हा शब्द मी जितक्यांदा ऐकला तितक्यांदा त्या आंबूस घोटाची चव मला आठवली, आणि खरं सांगायचं तर त्या चवीनं मला बरं वाटायचं. माझ्याजवळ असं काहीतरी होतं जे त्या पडद्याजवळ नव्हतं. एकदा हे यंत्र तोंडावर आपटलं की पोरगी परत बशीवर येईल. मी वाट बघत होते. आयुष्यभर मुलांच्या उत्तरांची वाट बघितली, त्यामुळे मला वाट बघता येते.

सोपानतात्यांनी एकदा खुंट्यावरच्या शेळ्यांकडे बोट दाखवून माझ्या तोंडापर्यंत विषय आणला होता.

"बाई, शेरडं सकाळच्याला फड्याला तोंड लावत न्हाईत. दात आंबत्यात त्यांचं. सांजच्याला टाकला की मग बघा कशी तुटून पडत्यात. अन् आपुन मान्सं, पहाटं उठून तेच पितोय."

"शेरडं शहाणी," मी म्हणाले.

"मंग सांगावं का पोरीच्या म्याडमला?"

मी म्हणाले, शेरडांचं ऐकून यंत्र चालत नाही, तात्या. ते हसले आणि विषय संपला. हे मी केलं. न सांगणं वेगळं आणि सांगणाऱ्याला थांबवणं वेगळं, हे मी मुलांना शिकवत आले होते.

विसाव्या दिवसाच्या आसपास नवव्या रांगेतल्या खालच्या फड्यांवर सुईभोवती तपकिरी कडी दिसू लागली. खिडकीतून मला ती ओवीच्या आधी दिसली असावीत. मग ती वाढून एकमेकांना मिळाली.

पंचवीस एप्रिलला, शनिवारी दुपारी, ओवी खोलीत आली. तिच्या ओढणीत एक फडा गुंडाळलेला होता. बाहेरून भाजल्यासारखा झालेला. तिनं तो टेबलावर ठेवला, वही उघडून माझ्यापुढे सरकवली आणि हात मागे बांधून उभी राहिली, लहान असताना राहायची तशी.

वहीत लिहिलं होतं: अकरा एप्रिलला मामाकडे जायचं होतं म्हणून सुया न पुसता वाल उघडला. रांगेला रोग लागला. माझ्यामुळे. पाहिलं, पंचवीस एप्रिल. सांगितलं, पंचवीस एप्रिल.

"चार वाजता बैठक आहे," ती म्हणाली. "तिथं सांगणार आहे. रांग दुसऱ्या कुणाला द्या म्हणणार आहे. आधी तुम्हाला सांगायला आले. तात्या म्हणतात सगळीच झाडं जातील आता. परत टँकर येईल."

ती आधी माझ्याकडे आली होती. तेवीस दिवस मी ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि माझ्यातल्या कशाला तरी खरंच आनंद झाला. तो मला स्पष्ट जाणवला. मग माझी नजर तिच्या दोन रकान्यांतल्या एकाच तारखेवर गेली.

मी खणातून माझी वही काढली, दोन एप्रिलचं पान उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिच्या फड्याला मी मधोमध चिरलं. बाहेरचा हिरवा थर काळपट, मेलेला. गाभा पांढराशुभ्र आणि पाण्यानं भरलेला. चिरताच पाणी टेबलावर ओघळलं.

"सुया पुसल्या असत्या तरी हेच झालं असतं," मी म्हणाले. "सुई चुकीच्या थरात आहे. पहाटे पाणी तिथं असतं. तुझी काही चूक नाही."

ओवीनं माझी ओळ वाचली. पुन्हा वाचली. रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग?"

खोटं उत्तर तयार होतं. खात्री करत होते, असं म्हणता आलं असतं. ती माझ्यावर विश्वास ठेवणारी होती, तिनं मानलं असतं.

"तू तिच्याकडे गेलीस म्हणून," मी म्हणाले.

टेबलावरचं पाणी कडेला येऊन थेंब थेंब खाली पडत होतं.

"मी कुठं गेले होते, बाई?" ती म्हणाली. "नवव्या रांगेत तर होते. तुमच्या खिडकीतून दिसते ती."

तिनं आपली वही उचलली आणि सहीसाठी न थांबता बाहेर पडली.

चार वाजता बैठकीत मी आधी उभी राहिले. आंबटपणा, पहाट, सुई, सगळं सांगितलं आणि मला हे कधीपासून माहीत होतं तेही सांगितलं. कुणीतरी हसलं, मग हसू थांबलं. सोपानतात्या माझ्याकडे न बघता टोपी झटकत राहिले.

प्रणोतीनं पडद्यावर संध्याकाळच्या जुन्या प्रतिमा उघडून पाहिल्या. त्या रोज आपोआप साठत होत्या. त्या वेळी कुणी बघायला नसायचं, सगळे जनावरांच्या चाऱ्यापाण्यात गुंतलेले. तिनं मला एकच प्रश्न विचारला, संध्याकाळचा काप जपून ठेवला आहे का. मी दिला. तिनं तो पडद्याशेजारी धरला आणि मान हलवली.

"मला सांगितलं असतंत तर एकही रांग गेली नसती," ती म्हणाली. ओरडली नाही. त्या दिवशी तिनं मला बाई म्हटलं नाही.

त्या दिवसापासून वाल दिवस मावळताना उघडू लागले. सुया आत सरकल्या आणि गाभ्यात थांबल्या. पाण्याला चव उरली नाही, पाण्याला नसावी तशी. टँकर आला नाही. बहुतेक रांगा सावरल्या. नववी रांग उताराच्या टोकाची, सगळ्यात तहानलेली. तिथली निम्मी झाडं गेली. ओवी आणि प्रणोतीनं उरलेल्या झाडांचे वरचे निरोगी फडे कापले, जखम सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवले आणि मेलेल्या झाडांच्या जागी उभे रोवले. मी खिडकीतून बघत होते. मला अजूनही त्या दोघींची डोकी जवळ जवळ दिसली की मी खिडकी ओढून घ्यायचे. ते सुटलं असं मी म्हणणार नाही.

सात रविवार ओवी आली नाही. जूनच्या दुसऱ्या रविवारी आली. पुढच्या तिच्या जागेवर न बसता मागे, नव्या मुलांच्यात बसली. वर्ग संपल्यावर सगळे गेले तरी ती थांबली.

"तुमची वही द्या," ती म्हणाली.

मी दिली. तिनं दोन एप्रिलचं पान काढलं. "हे भरायचं राहिलंय."

मी रिकाम्या रकान्यात पंचवीस एप्रिल लिहिलं. तिनं वही आपल्याकडे वळवली, दोन्ही तारखा तपासल्या, शाईवर फुंकर मारली आणि खाली सही केली, मी मुलांच्या वहीत करते तशी, रेघेला चिकटून. ओवी पुकळे.

मग ओढणीतून तिनं एक कोवळा फडा काढला. नवव्या रांगेतल्या नव्या झाडाला फुटलेला पहिला. त्याच्यावर अजून तांदळाएवढी पानं होती.

"हा बशीत बघायचाय. पडद्यावर पानाचं देठ नीट दिसत नाही," ती म्हणाली. "ते गंजलेलं ब्लेड द्या."

मी खण उघडला. तेलकट कागद तिच्या हातात दिला. तिनं घडी उलगडली आणि ब्लेड खिडकीच्या उजेडात धरलं. ते लख्ख होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तिनं ब्लेड बशीच्या काठावर ठेवलं, माझी वही पुन्हा उघडली, पुढची कोरी ओळ शोधली आणि पेन माझ्यासमोर धरलं.